बसल्याचा आवाज

“काहीतरी वाजलं का हो, मिस्त्रीकाका?”

मिस्त्री गुडघ्यांवर बसले होते. एक हात सायकलच्या मागच्या चाकाशी, दुसरा घरात सायकल चालवायच्या स्टँडच्या मुठीवर, आणि अंगाचा सगळा भार त्या मुठीवर. मूठ शेवटचा अर्धा फेरा फिरली होती आणि आता जागची हलत नव्हती. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंचे ओठ हललेले मात्र त्यांनी पाहिले आणि प्रश्न ओठांवरून ओळखला. गेली चार वर्षं ते निम्मंशिम्मं बोलणं असंच ओळखत आले होते.

“वाजलं की. चांगलं कट्कन वाजलं.” हे खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या म्हातारीचं, म्हणजे डॉक्टरीणबाईंच्या आईचं. तिच्या कानात ऐकायचं मशीन होतं आणि ती कमी ऐकणाऱ्या माणसांसारखी मोठ्याने बोलायची, त्यामुळे तिचा शब्द न् शब्द मिस्त्रींना लख्ख ऐकू आला. “मला आलं ऐकू, म्हणजे वाजलंच असणार.”

दोघी मिस्त्रींच्या तोंडाकडे बघत होत्या. ‘मला नाही ऐकू आलं’ एवढं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? पण मिस्त्रींनी खिशातून फडकं काढलं, हात पुसले आणि सावकाश मान हलवली.

“ते होय. बसलं ते जागेवर. बसल्याचा आवाज तो. वाजायलाच पाहिजे.”

“मग ठीक,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. मिस्त्रींनी सांगितलं म्हणजे पुढे विचारायचं काही उरत नव्हतं.

कारण मिस्त्री म्हणजे काही साधे सायकलमिस्त्री नव्हते. त्यांच्या दुकानाला पाटी नव्हती, तशी गरजच पडली नव्हती. “कानमिस्त्रींकडे ने,” एवढं म्हटलं की माणूस सायकल ढकलत बरोबर येऊन पोचायचा. तरुणपणी ते सायकल उलटी करत, चाक फिरवत, डोळे मिटत आणि सांगत, “व्हॉल्व्हपासून तिसरी तार ढिली. डाव्या अंगाची.” लोक पैजा लावायचे आणि हरायचे. समोरून एखादी सायकल गेली की हातातलं काम न थांबवता ते म्हणायचे, “पेडलच्या आत एक छर्रा फुटलाय तिचा. आठ दिवसांत येईल बघ.” आठ दिवसांत ती यायची.

तो कान नेमका कधी गेला, हे त्यांना सांगता आलं नसतं. आधी बारीक आवाज गेले. फ्रीव्हीलची टिकटिक गेली, मग तारांची किणकिण. मग हल्ली सगळी माणसं पुटपुटायला लागली आहेत, असं त्यांना वाटू लागलं. लग्न झाल्यापासून बायको त्यांना “अहो, ऐकलंत का?” म्हणूनच हाक मारायची. आता ती तेवढं म्हणून थांबायची आणि खरोखरच उत्तराची वाट बघायची.

मुलीने लांबून ऐकायचं मशीन पाठवलं. मिस्त्रींनी ते दोन दिवस घातलं. तिसऱ्या दिवशी एक जुनं गिऱ्हाईक म्हणालं, “काय कानमिस्त्री, कानालाही सुटा भाग लागला का?” सगळे हसले. मिस्त्रीही हसले. त्या संध्याकाळी मशीन छर्ऱ्यांच्या डबीत गेलं, ते गेलंच.

नाहीतरी भागत होतं. फ्रेमवर तळहात ठेवला की बरंच काही हाताला कळतं. उरलेलं गिऱ्हाईकच सांगतं. “कुठे वाजतं म्हणालास?” असं जरा कपाळाला आठ्या घालून विचारलं की माणूस स्वतःच बोट दाखवतो, आणि आपण मान हलवायची. झाकली मूठ झाकलेलीच होती.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना दातांचा. दोन वर्षांपूर्वी उतारावर त्यांची सायकल घसरली, गळ्याजवळचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण त्यानंतर रस्त्यावर सायकलला पाय लावला की त्यांचे हात थरथरायला लागायचे. दिवसभर लोकांच्या तोंडात सुई धरणारे ते हात, एरवी तसूभर हलायचे नाहीत. शेवटी सायकलिंग सोडून दिलेल्या एकाकडून त्यांनी ही काळी, कार्बनच्या धाग्यांची सायकल घेतली. दोन बोटांवर उचलावी इतकी हलकी. बरोबर घरात चालवायचा स्टँड आणला. मागचं चाक त्याच्या दोन वाट्यांमध्ये धरायचं, चाकाखाली एक रूळ, आणि बसल्या जागी हवं तेवढं पेडल मारायचं.

“आधी घरात पाय बसू देत, काका,” त्या म्हणाल्या होत्या. “मग रस्त्याचं बघू.”

“जन्मात पहिल्यांदा बघतेय मी, खुंटीला बांधलेली सायकल,” म्हातारी म्हणाली होती. “घाम गाळायचा आणि जायचं कुठंच नाही.”

“आई, तू मशीन बंद कर बरं.”

“करते की. मग तू पडलीस तर ऐकू कुणाला येणार?”

स्टँडच्या खोक्यात आणखी दोन वस्तू निघाल्या होत्या. एक, चित्रं काढलेला घडीचा कागद. फरशी टणक होती आणि मिस्त्रींचे गुडघे जुने, म्हणून कागद त्यांनी गुडघ्यांखाली घेतला. दुसरी, जाड लोखंडी एक्सल, चाकाच्या मधून आरपार घालायची. ती त्यांनी उलटसुलट करून पाहिली. सायकलच्या चाकात तर एक्सल होतीच, छान, नाजूक, चकचकीत. “ही जास्तीची दिसते,” ते म्हणाले. “जपून ठेवा. लागेल कधीतरी.” डॉक्टरीणबाईंनी ती कापडात गुंडाळून कपाटाच्या खणात ठेवली.

कार्बनच्या सायकलींची चाकं आणि चेनी मिस्त्रींनी केल्या होत्या, पण त्यांचं आयुष्य लोखंडात गेलेलं. लोखंडाचं एक बरं असतं. जास्त आवळलं तर ते कुरकुरतं, वाकतं, काहीतरी सांगतं. जितकं घट्ट तितकं पक्कं, हे शिकायला त्यांना कुणी शाळा लागली नव्हती. म्हणून वाट्या नीट बसत नाहीत असं हाताला लागलं, तेव्हा त्यांनी मुठीवर अंग टाकलं.

त्यानंतर तीन आठवडे सगळं ठीक चाललं होतं.

गुरुवारी ते ब्रेकच्या तारा आणायला सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकान त्यांच्या जुन्या मित्राचं. सगळे त्याला पार्टवाला म्हणत.

“ये, कानवाल्या, बरा आलास,” तो म्हणाला. त्याचा आवाज मूळचाच बाजारातला, मिस्त्रींना कधी अडचण पडत नसे. “तुझ्या कामाची गंमत दाखवतो.”

काउंटरवर एक लाल फ्रेम आडवी पडली होती. पार्टवाल्याने तिच्या मागच्या टोकाशी बोट नेलं, जिथे दोन बारीक दांड्या एकत्र येतात आणि चाक धरतात.

“कार्बन आहे. एकाने घरातल्या स्टँडवर चढवली आणि खाटेचे स्क्रू पिळावेत तशी पिळली. हे बघ, तडा दिसतो का?”

केसाएवढी रेघ होती. सांगितल्याशिवाय दिसली नसती.

“स्टँडच्या वाट्यांनी एक्सलची टोकं धरायची असतात,” पार्टवाला सांगत होता. “सायकलची स्वतःची एक्सल नाजूक असते, तिची टोकं त्या वाट्यांत बसत नाहीत. म्हणून खोक्यात वेगळी लोखंडी एक्सल देतात, जाडजूड. ती आधी घालायची. ती नाही घातली की वाट्या घसरतात आणि थेट फ्रेमला दाबतात. कागदावर चित्रं काढून सांगितलंय रे सगळं, पण वाचतो कोण?”

मिस्त्रींना आपले गुडघे आठवले. गुडघ्यांखालचा कागद आठवला.

“आता ऐक.” पार्टवाल्याने गल्ल्यातलं एक नाणं घेतलं आणि दांडीवर हलकेच वाजवलं. मग टोकाकडे सरकत वाजवत गेला. “इथे खणखणीत. इथेही. आणि आता इथे. मेला ना आवाज? आतले धागे तुटलेत. डोळ्याला दिसो न दिसो, हे नाणं खोटं बोलत नाही.”

मिस्त्रींना नाणं वर जाताना आणि खाली येताना दिसत होतं. आवाज म्हणाल तर रजईआडून कुणी बोट टेकवावं तसा. इथेही तसा आणि तिथेही तसाच.

“आहे ना फरक?”

“आहे,” मिस्त्री म्हणाले.

“तुला काय सांगायचं म्हणा. तुला रस्त्यापलीकडून कळलं असतं.”

मिस्त्रींनी फ्रेमवरून बोट फिरवलं. “यावर बसून कुणी बाहेर पडलं तर?”

“स्टँडवर चालेल काही दिवस. तोही भरवसा नाही. स्टँड सायकलला डुलू देत नाही, उभं राहून पेडल मारलं की सगळा पीळ इथेच येतो. पण बाहेर, उतारावर, वेगात एखादा खड्डा लागला तर संपलं. लोखंड वाकतं रे. हे वाकत नाही, हे सुटतं.”

“आणि एखाद्या मिस्त्रीच्या हातून झालं असेल तर?”

“तर सांगायचं, माल मुळातच खराब होता. जुनी घेतलेली असली तर प्रश्नच मिटला. तपासायला कोण बसलंय?” पार्टवाल्याने मान तिरकी केली. “का रे? कुणाच्या हातून झालं?”

“छे, छे. असंच आपलं.”

ते दुकानाबाहेर पडले. बऱ्याच अंतरावर एका अनोळखी माणसाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मागे बोट दाखवलं. पार्टवाला दारात उभा राहून ब्रेकच्या तारा हलवत होता. त्याचं तोंड उघडं होतं. कधीपासून हाका मारत होता कोण जाणे. सगळा रस्ता मिस्त्रींकडे बघत होता.

घरी आले तर बायको म्हणाली, “अहो, ऐकलंत का?” मग थांबली. त्यांनी बघितल्यावर पुढे बोलली. “दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन होता. सकाळी दोनदा आलेला. तुमच्या शेजारीच पडून वाजत होता.”

“काय म्हणाल्या?”

“रविवारी त्यांच्या मंडळाबरोबर डोंगरावर निघाल्यात सायकलने. दोन वर्षांनी पहिल्यांदाच म्हणे. शनिवारी संध्याकाळी या आणि सायकल स्टँडवरून काढून रस्त्याला तयार करून द्या म्हणाल्या.” बायकोच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. “फार खुशीत होत्या हो. म्हणाल्या, काकांनी हाताने बसवून दिली म्हणून माझी हिंमत झाली.”

मिस्त्रींनी फोनकडे पाहिलं. पण फोन हातात घेऊन ‘सायकलवर बसू नका’ एवढं सांगणं त्यांना जमलं नाही. फोनवर त्यांना समोरचं काही कळतच नसे. बायकोला मध्ये घालून बोलायचं, तर आधी बायकोला सगळं सांगावं लागलं असतं.

शुक्रवारी सकाळी ते डॉक्टरीणबाईंच्या इमारतीखाली जाऊन उभे राहिले. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत त्यांचं डोकं दिसत होतं. रोज सकाळी पाऊण तास त्या चालवायच्या. आधी डोकं एका जागी होतं. मग ते वर गेलं, खाली आलं, वर गेलं. त्या पेडलवर उभ्या राहून जोर लावत होत्या. मिस्त्री खाली उभे राहून ते डोकं मोजल्यासारखं बघत राहिले. दोन जिने चढायचे होते. फार तर खालून एक हाक मारायची होती.

शेजारचा दूधवाला म्हणाला, “काय मिस्त्री, इकडे कुठे?” तसे ते “काही नाही, सहज,” म्हणाले आणि परत फिरले. जाताना मनाशी म्हणाले, दवाखान्याची वेळ झालीये त्यांची, आता नको. दवाखाना उघडायला अजून दीड तास होता.

पुढे या सगळ्यातल्या बऱ्याच गोष्टी त्यांनी स्वतःला माफ केल्या. ते परत फिरणं मात्र माफ केलं नाही.

दुपारी पानावर बसले असताना त्यांनी बायकोला विचारलं, “मला कमी ऐकू येतं, हे लोकांना कळत असेल का गं?”

“लोकांचं मला माहीत नाही,” बायको म्हणाली. “मला प्रत्येक गोष्ट दोनदा बोलावी लागते. एकाच जन्मात दोन जन्मांचं बोलून झालंय माझं.” मग त्यांचा घास हातातच राहिलेला तिने पाहिला. “काय झालंय?”

त्यांनी सांगितलं.

“मग जा की,” ती म्हणाली.

“जाऊन काय सांगू? पार्टवाला म्हणतो, माल खराब होता म्हणून सांगायचं. त्यांचा जीवही वाचतो, आणि…”

“आणि?”

“चाळीस वर्षांचं नाव आहे गं.”

“नाव काय सायकल चालवणार आहे का रविवारी?”

असं बोलून ती ताट उचलून आत गेली. आतूनही काहीतरी म्हणाली असावी. ते त्यांना ऐकू आलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही.

शनिवारी सकाळीही डॉक्टरीणबाईंनी पाऊण तास सायकल चालवली असणार. मिस्त्री तिकडे फिरकले नाहीत. संध्याकाळी पिशवीत बॅटरी आणि पाने घेतले, खिशात एक नाणं टाकलं, आणि वाटभर ‘माल खराब होता, माल खराब होता’ असं घोकत गेले. वाक्य सोपं होतं. त्यात खोटंही फारसं नव्हतं, आता मालच खराब झालेला असणार होता.

डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं. आतल्या टेबलावर उद्याची तयारी मांडलेली होती. हेल्मेट, हातमोजे, पाण्याची बाटली, सगळं एका ओळीत, दवाखान्यातल्या ट्रेमध्ये हत्यारं मांडावीत तसं. कपाटातली ती लोखंडी एक्सलही कापडातून काढून शेजारी ठेवली होती.

“ही उद्या लागेल का हो, काका?”

“नाही,” मिस्त्री म्हणाले. “उद्या नाही.”

त्यांनी सायकल स्टँडवरून काढली. हँडलखालच्या बोल्टवर घामाच्या मिठाचे पांढरे डाग होते. एरवी त्यांनी सांगितलं असतं, वर टॉवेल टाकत जा आणि झाल्यावर पुसून घेत जा, घाम धातू खातो. आज ते फडक्याने नुसते पुसत राहिले. पुसून झालं तरी पुसत राहिले. मग सायकल उलटी केली आणि बॅटरी मागच्या टोकावर धरली.

रेघ होती. की ओरखडा होता? काळ्यावर काळं. नखाला लागल्यासारखं वाटायचं, पुन्हा फिरवलं की नाही लागायचं. त्यांनी नाणं काढलं आणि वाजवलं. दांडीच्या मध्यावर, मग खाली, मग टोकाशी. रजई. रजई. रजई.

“काय म्हणतेय माझी सायकल?” डॉक्टरीणबाईंनी वाकून विचारलं. त्या हसत होत्या.

आता ते वाक्य म्हणायचं होतं. पण त्याआधी ‘मला आवाज मेलेला ऐकू आला’ असं म्हणावं लागणार होतं. या खोलीत, याच फरशीवर, ऐकू न आलेला एक आवाज त्यांनी आधीच ऐकला होता.

“बाई, इथे बसता का जरा?” मिस्त्री म्हणाले. “मी वाजवतो. तुम्ही ऐका.”

“मी? तुम्ही असताना मी काय ऐकणार?”

“मला ऐकू येत नाही.”

हे वाक्य त्यांनी आजवर कधी उच्चारलं नव्हतं. एवढ्या वर्षांत ते मनात केवढं मोठं होऊन बसलं होतं. बाहेर पडलं तेव्हा अगदीच लहान होतं.

डॉक्टरीणबाईंचं हसू राहिलं नाही. त्या फरशीवर बसल्या आणि कान फ्रेमजवळ नेला. मिस्त्रींनी नाण्याकडे पाहिलंच नाही. ते त्यांच्या चेहऱ्याकडे बघत वाजवू लागले. पुढून सुरुवात केली. चेहरा स्थिर. जरा खाली. स्थिर. दांडी बारीक होत गेली. स्थिर. शेवटी टोकाशी नाणं पडलं, आणि त्यांच्या दोन भुवयांच्या मध्ये एक बारीक उभी आठी उमटली.

“परत,” त्या म्हणाल्या.

पुन्हा वाजवलं. आठी पुन्हा तिथेच उमटली.

“दुसऱ्या बाजूचं वाजवा.” त्या बाजूला आठी उमटली नाही. “आता परत इकडे.” त्या मागे सरल्या. “ही बाजू गेलीये. आतून गेलेला दात टिचकावला की असाच वाजतो. वरून धड दिसतो.”

मग मिस्त्रींनी सांगितलं. कागद गुडघ्यांखाली घेतला ते सांगितलं. एक्सल जास्तीची नव्हती, तीच घालायची होती, हे सांगितलं. “त्या दिवशी कट्कन वाजलं ते हेच. मला ऐकू आलं नव्हतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी ऐकल्यासारखं केलं.”

डॉक्टरीणबाईंनी त्या टोकावर बोट ठेवलं.

“मी विचारलं होतं तुम्हाला,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“आई पण म्हणाली होती.”

“हो.”

“तीन आठवडे मी हिच्यावर उभी राहतेय, काका.”

“गुरुवारी शंका आली मला. काल सकाळी खाली येऊन उभा राहिलो. तुम्ही चालवताना दिसलात. वर आलो नाही.”

हे सांगायची गरज नव्हती. ते कुणालाही कधी कळलं नसतं. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. तेवढं तरी स्पष्ट ऐकू आलं असतं.

“काय झालं? मला कुणी सांगाल का?” खिडकीपाशी बसलेली म्हातारी म्हणाली.

डॉक्टरीणबाई उठल्या, आईच्या कानाशी वाकल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, “सायकल मोडलीये, आई. मिस्त्रीकाकांना ऐकू येत नाही.”

भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनाही कळावं इतक्या मोठ्याने. मिस्त्रींनी मान खाली घातली. मग म्हातारीने कानामागे हात नेला, आपलं मशीन काढलं, पदराला पुसलं आणि तळहातावर ठेवून त्यांच्यापुढे धरलं.

“माझं घालून बघता का?”

“अगं, तसं नसतं, आई. ज्याचं त्याच्या मापाचं असतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण आईच्या कानात आता मशीन नव्हतं, त्यामुळे ती हात तसाच पुढे करून राहिली. मिस्त्रींना तिच्या तळहातावरची ती इवलीशी वस्तू दिसत होती. तशीच एक त्यांच्या दुकानात, छर्ऱ्यांच्या डबीत, ग्रीसमध्ये पडली होती.

“माझी एक लोखंडी आहे,” त्यांनी उठता उठता म्हटलं. “मी स्वतः जुळवलेली. जड आहे, पण उद्यापुरती…”

“नको,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रागाने नाही. “आता उद्या नाही जमायचं मला.” आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटं थरथरत होती.

रविवारी सकाळी दुकानासमोरून सायकलींचा घोळका डोंगराकडे गेला. मिस्त्रींनी हातातलं काम ठेवून एकेक चेहरा पाहिला. त्यात त्या नव्हत्या.

पुढच्याच आठवड्यात दवाखान्यातला माणूस ती काळी फ्रेम घेऊन आला. चाकं, चेन, हँडल काढून घेतलेली नुसती फ्रेम. “बाईंनी सांगितलंय, ही तुम्हीच ठेवा,” तो म्हणाला. हा राग होता की आणखी काही, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि मिस्त्रींनी विचारलं नाही. जिथे ते आपलं सर्वांत सरळ जुळवलेलं चाक टांगून ठेवायचे, त्या पुढच्या खुंटीवरून त्यांनी चाक उतरवलं आणि फ्रेम टांगली. गिऱ्हाईक आत आलं की तिलाच डोकं लागायचं.

“हिला काय झालं?” लोक विचारत.

“माझ्या हातून गेली,” मिस्त्री सांगत. पहिले काही दिवस हे सांगताना कानशिलं तापायची. पुढेही तापायची, पण बोलणं अडायचं नाही. पार्टवाला एकदा येऊन फ्रेमकडे बघून गेला. त्या दिवसानंतर तो त्यांना कानवाल्या म्हणाला नाही. हेही मिस्त्रींना लागलं.

डॉक्टरीणबाई पुन्हा रस्त्यावर आल्या, पण त्याला तीनेक महिने लागले. सायकल नवी होती. ती पार्टवाल्याच्या माणसाने बसवून दिली, असं बायकोच्या कानावर आलं होतं. एका सकाळी त्या दुकानासमोरून गेल्या. दोन्ही हात हँडलवर घट्ट होते, म्हणून हात हलवला नाही. मान तेवढी किंचित हलवली. मिस्त्री उठून उभे राहिले. त्यांचं उभं राहणं पूर्ण होईपर्यंत त्या वळणापलीकडे गेल्या होत्या.

त्याच दिवशी, ऊन वर आल्यावर, टपाल वाटणारा आपली सायकल घेऊन आला. दुकानात आणखी दोघं-तिघं बसले होते.

“कानमिस्त्री, बघा बरं हिला. चालवली की कुठंतरी कुरकुरतं.”

मिस्त्रींनी छर्ऱ्यांची डबी खाली घेतली. मशीन काढलं. महिनाभर ते रोज घालत होते, पण गिऱ्हाईक आलं की डबीत टाकायचे. आज त्यांनी ते फडक्याने पुसलं आणि सगळ्यांसमोर कानात बसवलं. कुणीतरी घसा खाकरला. कुणी हसलं नाही, किंवा हसलं असेल.

“हे घातलं तरी बारीक आवाज मला येत नाही,” ते टपालवाल्याला म्हणाले. “तू असं कर, पेडल फिरव आणि कान देऊन ऐक. मी हात लावतो.”

टपालवाला गोंधळला, पण वाकला आणि पेडल फिरवू लागला. मिस्त्रींनी फ्रेमवर तळहात टेकवला. त्यांच्या डोक्यावर ती काळी फ्रेम खुंटीला जराशी डुलत होती.

“वाजलं की सांग,” ते म्हणाले, आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.